आजीची स्पॅनिश

क्रांती चौकात बसची वाट पाहत मी गुरुवारचा जप करीत होते. शेजारी दोघी मैत्रिणी बोलत होत्या.

"रुक्सार, उद्या परीक्षेत पुस्तकातलीच स्पॅनिश बोल गं. नायतर दुभाष्याची नोकरी जाईल."

"हिमानी, टेक्सासच्या दवाखान्यातली ती आजी ऑपरेशनला नायच म्हणत होती. फोनवर पुस्तकातली बोलले, तर फोनच ठेवाया निघाली."

"मग?"

"मग तिच्या घरातली बोलले. 'आज लोंचे खाऊ नका, त्रोका लेकाला चालवू द्या.' इंग्रजीतला लंच अन् ट्रक तिथल्या स्पॅनिशमध्ये असाच झालाय. लई हसली, अन् तयार झाली!"

"परीक्षा घेणारे साहेब त्या बोलीला बिघडलेली भाषा म्हणतात."

"पाचोडच्या माझ्या नानीला शुद्ध मराठीत सांगितलं, तर ती गोळी घेईल का?"

"व्हय, फेकून मारील! पण उद्या काय बोलशील?"

"समोर पेशंट कोण हाय, ते आधी विचारीन."