गालामागचं दुसरं भोक

—अहो बाई, ती स्कॅनची फिल्म अशी उलटी धरून काय दिसणार तुम्हाला? द्या इकडे. मी डॉक्टर नाही, पण धाकट्या बहिणीपायी या बाकावर बसून बसून शिकलेय. हे बघा, गालाच्या हाडामागे पोकळी असते — सगळ्यांच्याच, तुमच्या यजमानांच्याही — आणि तिचं नाकात उघडणारं एक भोक असतं. पोकळी सगळी घाण तिकडेच ढकलते, दुसरीकडे म्हणून नाही. हट्ट अगदी आमच्या घराण्यातला! पण काहींना आणखी एक भोक असतं. नाकात दुर्बिणीची नळी घातली की तेच आधी दिसतं. खरं बसलेलं हाडाच्या पात्याआड. बहिणीच्या पहिल्या डॉक्टरनं दिसलं ते मोठं केलं. मग काय — खऱ्यातून घाण बाहेर, खोट्यातून परत आत, वर्षभर गोल गोल, आणि आम्ही आपल्या वाफा घेतोय! 'ऑपरेशन उत्तम झालं,' म्हणाला. झालंच होतं हो, भलत्या भोकाचं.

पुढं? पुढं पू डोळ्याकडे गेला. मधली भिंत कागदासारखी असते, हिची तर त्याहून विरलेली. डावा डोळा गेला — म्हणजे, सुजलाय. सूज उतरली की… असं बघू नका माझ्याकडे. शाळेची व्हॅन चालवते ती, पोरं 'हॉर्नमावशी' म्हणतात. एका डोळ्यावर कोण पोरं सोपवणार तिच्याकडे? पुन्हा टेबलावर जायला तयारच नव्हती. 'ताई, नजर येणार असेल तरच,' म्हणाली. मी म्हटलं, येणार. आणि या नव्या डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या? पू मेंदूत जाऊ नये म्हणून उघडायचं, बस्स. नजरेचं नाव काढू नका. मग सांगायचं होतं का तिला? सांगितलं असतं तर आली असती? नसती आली! मेली असती, पण आली नसती.

आत्ता आत तिची पट्टी सोडतायत. हात धरून बसा तिचा, म्हणाल्या. मी म्हटलं, चहा घेऊन येते — कप कुठाय म्हणता? घेतला नाही अजून. घेईन. तुम्हाला काय करायचंय?

थांबा. तीच हाक मारतेय. नर्स नाही, तीच.

'ताई, उजवा झाकलाय मी हातानं. दिवा लावायला सांग ना गं यांना.'

घ्या तुमची फिल्म. त्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसा. जा म्हणते ना!