दोरी आत, दोरी बाहेर

जोथम : ताई, भरदिवसा दोरी आत? अख्ख्या गावाच्या दारांबाहेर कडीची दोरी लोंबतेय, ओढली की दार उघडतं. तुझ्या एकटीच्या दारावर बडवून बडवून हात लाल झाला माझा.

केझिया : बूट झटक आधी. बर्फ घरात नको.

जोथम : वर आतून विचारतेस, कोण आहे म्हणून. सख्ख्या भावाला!

केझिया : गेल्या हिवाळ्यात विचारलं नव्हतं, म्हणून आता विचारते. बस. सफरचंदाची सायडर गरम आहे.

जोथम : दाजींना बोलाव ना. बोस्टनची बातमी दोघांना एकदमच सांगतो.

केझिया : आतल्या खोलीत बूट शिवतायत. फळ्यांची भिंत आहे, सगळं ऐकू जातं त्यांना. सांग तू. सगळ्या तेरा राज्यांची ती नवी राज्यघटना आपल्या राज्यात मान्य झाली?

जोथम : झाली. थोडक्यात निभावलं, पण झाली. आणखी काही राज्यं हो म्हणाली की सगळ्यांचं मिळून एक सरकार होईल.

केझिया : आणि आपल्या गावातर्फे तू काय म्हणालास?

जोथम : आधी पूर्ण ऐकून तर घे.

केझिया : म्हणजे हो म्हणालास.

जोथम : तुला काय जातंय बोलायला? इतके दिवस बोस्टनच्या त्या गार चर्चमध्ये कुडकुडत बसलो होतो मी. एकेक वकील उठायचा आणि असा बोलायचा की आपलं डोकंच चालेनासं व्हायचं. म्हणायचे, जो अधिकार सरकारला दिलेलाच नाही, तो वापरू नका असं लिहायचं कशाला?

केझिया : आणि तुला ते पटलं.

जोथम : नाही पटलं. अडून बसलो आम्ही खेड्यातले. म्हणून तर दुरुस्त्या जोडल्या त्यांनी, मान्यतेच्या कागदालाच.

केझिया : गावानं तुला सभाघरातून पाठवताना काय सांगितलं होतं? बाई म्हणून मला तिथं बोलता येत नाही, पण कान आहेत मला. आधी लोकांचे हक्क लिहा, मगच आमचं हो. आधी हे, मग ते. मग त्या दुरुस्त्या काय म्हणून जोडल्या? अट म्हणून?

जोथम : जवळजवळ.

केझिया : गाय जवळजवळ व्याली असं म्हणतो का आपण? शब्द काय आहे तिथं?

जोथम : शिफारस.

केझिया : शिफारस. अट घालायला पाठवलं होतं तुला, आणि तू शिफारस घेऊन आलास.

जोथम : आत्ता हो म्हणा, नव्या सरकारची पहिली बैठक भरली की दुरुस्त्या घेऊ, असा शब्द दिलाय त्यांनी.

केझिया : कुणी?

जोथम : मोठ्या लोकांनी.

केझिया : बरं. त्या दुरुस्त्यांत आपलं आहे का?

जोथम : आहे की. पंचांनी आरोप ठेवल्याशिवाय कुणावर मोठा खटला चालवायचा नाही. दाजींना नुसतंच डांबून ठेवलं होतं ना, काय केलं तेही न सांगता? तसं...

केझिया : घरात शिरण्याचं विचारतेय मी. कागद दाखवल्याशिवाय कुणाच्या घरात घुसायचं नाही. जाताना तुझ्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं.

जोथम : ते एकानं मांडलं होतं. अगदी शेवटच्या दिवशी.

केझिया : मग?

जोथम : सगळे बिथरले. म्हणाले, आता नवं काही काढलं तर जुळलेलं सगळं मोडेल. मग राहिलं ते.

केझिया : राहिलं. आणि तू गप्प बसलास.

जोथम : काय करायला हवं होतं मी?

केझिया : जोथम, यांना पकडायला आलेला तो कप्तान काय म्हणाला होता ते आठवतं तुला? कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या बंडातल्या चौघांना यांनी गोठ्यात निजू दिलं, एवढाच यांचा गुन्हा. पहाटे शिपाई घरात, यांना अंथरुणातून ओढलं. मी म्हटलं, कुणाला विचारून आलात? तर हसून म्हणाला, बाई, आम्ही काही तोडलं का? दोरी बाहेरच होती तुमची.

जोथम : माहितेय ते मला.

केझिया : नाही माहीत. माहीत असतं तर त्या वकिलाला तिथंच सांगितलं असतंस. जे लिहिलेलं नसतं ना, त्याची दोरी बाहेर असते. येणारा म्हणतो, मला कुणी नको म्हटलंच नव्हतं.

(ईनॉस आतल्या खोलीतून येतो. हातात दाभण आणि अर्धा शिवलेला बूट.)

ईनॉस : पुरे कर, केझिया. पोरगा बर्फातून आलाय.

जोथम : दाजी, तुम्ही तरी समजून घ्या.

ईनॉस : घाबरला होतास का तिथं?

जोथम : खरं सांगू? हो. ही राज्यघटना पडली असती तर पुन्हा बंड, पुन्हा सैन्य, आणि पहिले याच दारात आले असते. तुमच्यासाठीच हो म्हणालो मी.

ईनॉस : मीही घाबरलो होतो तुरुंगात. तिथले अधिकारीही हेच म्हणाले होते, आधी सही कर, मग तुझं काय ते बघू. केली मी सही. तेव्हा तुला मी काय बोलू?

जोथम : मी सोडणार नाही त्यांना. शब्द पाळेपर्यंत मागं लागेन.

ईनॉस : लाग. केझिया, तू म्हणाली होतीस, जोथम ते कलम लिहून घेऊन आला की त्या दिवशी दोरी बाहेर सोडू. मी रोज वाट बघत होतो. आता काय करायचं?

केझिया : तुम्ही सांगा.

ईनॉस : मला झोप नाही लागायची.

केझिया : मग आतच राहू दे.

जोथम : निघतो मी. उद्या सभाघरात गावाला तोंड द्यायचंय. तिथून इकडेच येईन.

केझिया : ये. मक्याची भाकरी ठेवते तुझ्यासाठी.

जोथम : आणि पुन्हा विचारशील, कोण आहे म्हणून.

केझिया : विचारीन. उघडीनही. पण आधी नाव सांग.