साहेबांसाठीचा भाव

चंद्रिका : म्हणजे तूरडाळ पण विमानातून येते म्हणा की, परेशभाई!

परेश : हसू नका, बेन. कितीतरी डाळ बाहेरदेशातून येते. तिकडे डॉलर वाढला, इकडे डाळ वाढली.

चंद्रिका : आणि लसूण?

परेश : लसणाला पाऊस लागला. दोनशे चाळीस झाला.

चंद्रिका : गूळ?

परेश : गुळाला डिझेल. चारोटीवरून ट्रक तलासरीत येईपर्यंत भाडं किती होतं, माहिती आहे?

चंद्रिका : आणि डिझेल उतरलं की गूळ उतरतो?

परेश : तसं नसतं बेन. एकदा चढलेला भाव कोण उतरवतो? बाजूवाला उतरवत नाही, मग मीच का?

चंद्रिका : वा! चढायला सतरा कारणं, उतरायला एक नाही. तुमचा गल्ला तेवढा सोवळा. सगळं त्या डॉलरनेच केलं!

परेश : अरे बाबा, वरचा व्यापारी गोण्या दाबून बसतो. माझ्या हातात काय आहे? डाळीचा एकशे साठ भाव आहे, एक किलो बांधू?

चंद्रिका : पाव बांधा. पॅकिंगच्या कंपनीत आठ तास उभं राहून पाव किलोच झेपते. मागच्या वेळी महागाई भत्ता वाढला, माहितीये किती? एकशे दहा रुपये. महिन्याचे! माझ्या श्रुतिकाचं नर्सिंगचं पहिलं वर्ष कसंबसं ओढलं. सुपरवायझर म्हणतो, पोरीला पण पॅकिंगच्या कामाला घेऊन या, सोमवारपर्यंत जागा धरतो. मी म्हटलं, थांबा, पुढच्या भत्त्यात दुसऱ्या वर्षाची फी निघते का ते तरी बघू दे.

तुषार : नमस्कार परेशभाई. महिन्याचे भाव घ्यायला आलोय.

परेश : या या साहेब, बसा! चहा सांगतो.

तुषार : चहा नको. लिहून घेतो फक्त. तूरडाळ, मध्यम प्रत?

परेश : एकशे अठरा.

चंद्रिका : काय?

परेश : बेन, तुम्ही जरा बाजूला व्हा ना.

तुषार : लसूण?

परेश : ऐंशी.

चंद्रिका : अहो, आत्ता मला दोनशे चाळीस सांगितलात! हा कोण तुमचा जावई लागतो का?

तुषार : मी भाव नोंदवतो, ताई. दर महिन्याला ठरलेल्या दुकानांत जायचं, ठरलेल्या वस्तूंचे भाव लिहायचे. त्यावरून महागाई किती वाढली ते काढतात.

चंद्रिका : कशाला काढतात?

तुषार : पुष्कळ कामांना लागतं. कामगारांचा भत्ता पण त्यावरच ठरतो.

चंद्रिका : कोणत्या कामगारांचा? माझा?

तुषार : कंपनीत असाल तर तुमचा पण.

चंद्रिका : अगं बाई! म्हणजे मी इथे एकशे साठ मोजायचे, आणि माझा पगार ठरणार एकशे अठरावर?

तुषार : एका दुकानावर नाही हो ठरत. शेकडो दुकानं असतात.

चंद्रिका : आणि शेकडो परेशभाई असतात! का हो, का केलंत असं? मी काय खाल्लं होतं तुमचं?

परेश : बेन, रागावू नका. पूर्वी एकदा पुरवठा खात्याचे लोक आले होते. बापाने खरा भाव सांगितला, तर साठेबाजी करतो म्हणून चार गोण्यांना सील ठोकलं. तेव्हापासून बापाने शिकवलं, हातात कागद दिसला की चहा गरम द्यायचा आणि भाव थंड सांगायचा.

चंद्रिका : मेले तुमचे गरम चहा! आणि तुम्ही हो, साहेब? तुम्ही डाळ खात नाही? तुम्हाला ठाऊक नाही भाव काय चाललाय?

तुषार : ठाऊक आहे. पण दुकानदार सांगेल तेच लिहायचं असतं.

चंद्रिका : शाब्बास! हा घाबरून खोटं सांगतो, तुम्ही समजून उमजून खोटं लिहिता, आणि वर बसलेला म्हणतो महागाई आटोक्यात आहे. कशाला हवा डॉलर? तुम्ही दोघं पुरे आहात.

परेश : बरं बाबा, बरं! लिहा साहेब. डाळ एकशे साठ, लसूण दोनशे चाळीस. देवाच्यान खरं सांगतो. झालं बेन समाधान?

तुषार : लिहितो. फक्त एक आहे परेशभाई, भाव एकदम एवढा उडाला की वरून खात्रीचा फोन येतो. तेव्हा हेच सांगायचं. का वाढला, माल किती आहे, तेही विचारतील.

परेश : माल किती ते कशाला?

तुषार : विचारतात.

(परेश मागच्या गोण्यांकडे बघतो.)

परेश : साहेब, एकशे अठराच राहू द्या.

चंद्रिका : परेशभाई!

परेश : माझं पण घर आहे, बेन.

चंद्रिका : मग माझा नंबर घाला. त्यांना मलाच फोन करू दे. मी सांगते ना किती मोजले ते, पिशवीतली डाळ दाखवते.

तुषार : ताई, गिऱ्हाइकाला विचारायची पद्धत नाही. फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही.

चंद्रिका : नाही?

तुषार : नाही हो.

चंद्रिका : बरं. परेशभाई, ते वर जेवणाचे डबे टांगलेत, त्यातला एक काढा. झाकण घट्ट बसेल असा बघा. श्रुतिकाला सोमवारपासून लागेल.