नाताळची कोंबडी कापायची कुणी

बित्रुस : धर ना सुरी, तानिमू! केव्हापासून हातात वळवळतेय ही कोंबडी.

तानिमू : आधी आत ये. दारात नको.

बित्रुस : दारात काय झालं? मिसरूड फुटलं तेव्हापासून नाताळच्या आदल्या दिवशी याच दारात कापतोस. मी पाय धरायचे, तू बिस्मिल्ला म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी सगळी आळी माझ्याकडे लाल भाताला.

तानिमू : यंदा नाही जमायचं.

बित्रुस : का? हात दुखतोय?

तानिमू : हाताला काय धाड भरलीय! आमचा पोरगा अनस आलाय ना शिकून. मशिदीत आता तोच सांगतो लोकांना. ख्रिस्तींच्या सणाला हातभार लावणंसुद्धा पाप, म्हणतो.

बित्रुस : तुझा अनस? माझ्या बायकोच्या, लादीच्या हातचा भात खाऊन वाढलेला? तंगडीसाठी रडायचा मेला!

तानिमू : म्हणून तर जास्त जोरात बोलतो. लोक तेच काढून टोचतात त्याला.

बित्रुस : मग मीच कापतो.

तानिमू : काप. पण तू कापलेलं आमच्यात कुणाला चालणार? आणि खरं सांगू, मी कापली तरी कुणी येणार नाही. विचारून आलोय मी घरोघर. कुणाचं पोट बिघडलंय, कुणाची सासू आजारी. हसन न्हावी म्हणे बाहेरगावी जाणार.

बित्रुस : हसन? तो दुकानाची पायरी उतरत नाही कधी!

तानिमू : तू जोस शहरात का जात नाहीस तुझ्या पोरांकडे? तिकडे तुमची वस्ती आहे, चर्च आहे.

बित्रुस : पोरं गेली, कारण लग्नानंतर इथे त्यांना कुणी खोली भाड्याने देईना. माझं स्वतःचं घर आहे, मी का जाऊ? आणि तिथे मी आपली हौसा भाषा बोलायला लागलो की चर्चच्या दारातच झडती घेतात. इथे मी काफिर, तिथे मुसलमान. जाऊ कुठे?

तानिमू : मग म्हणून टाक ना कलमा! सगळी आळी पंगतीला बसेल तुझ्या अंगणात. मी स्वतः पाणी वाढीन.

बित्रुस : आणि लादी? तुमच्या कबरस्तानात तिला जागा मिळाली नाही, म्हणून शेतात पुरली. मी कलमा म्हटला तर मला न्याल कबरस्तानात. तिच्या शेजारी कोण निजेल?

तानिमू : रागावू नकोस. असं कर, आत ये. दार लावून कापून देतो. उद्या अंधार पडला की मागच्या भिंतीवरून वाडगा दे. मी खाईन.

बित्रुस : भिंतीवरून भिकाऱ्याला देतात, तानिमू. तू पाहुणा आहेस माझा.

तानिमू : एवढंच उरलंय रे माझ्या हातात. म्हातारपणी पोराच्या जिवावर राहतोय मी.

बित्रुस : कळतं मला. तुझ्यावर नाही राग. खूप एकटं वाटतं, एवढंच. येतो मी.

(बित्रुस वाकून कोंबडी खाली ठेवतो आणि तिच्या पायांची दोरी सोडतो.)

तानिमू : अरे, सोडतोस काय? पळेल ना!

बित्रुस : कुठे पळते? घर ठाऊक आहे तिला. राहू दे जिवंत. उद्या अंगणात कुणीतरी असेल.