शिरीषने न जोडलेली वायर

बसून घ्या सगळे. मागे उभे आहात ते पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. आणि ते पंखे जरा कमी करा, फोटोवरचा हार सारखा हलतोय.

मीनल, नंदू, शिरीषच्या ऑफिसमधली मंडळी, सोसायटीतले शेजारी, आणि दर रविवारी ठाकुर्लीच्या याच हॉलमध्ये भेटणारे आपण गाडीवाले. मी सुनंदा. शिरीषची मोठी बहीण. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, वर्गभर मुलांपुढे कधी शब्द शोधावे लागले नाहीत. आज लागतायत. धाकट्या भावाच्या फोटोला हार घातलेला बघून मोठ्या बहिणीने काय बोलायचं असतं? मला कोणी शिकवलेलं नाही.

आत्ता सगळे किती छान बोललात. शिरीष प्रेमळ, शिरीष हसरा, शिरीष कोणाच्याही मदतीला धावणारा. सगळं खरं आहे. मीही तेच बोलणार होते. घरून तसंच ठरवून निघालेले. पण इथे येऊन त्याच्या फोटोकडे बघितलं आणि ठरवलेलं सगळं उडून गेलं.

मला त्याचा राग आलाय. तो गेला म्हणून नाही. तो गेला याचं रडू येतं, ते वेगळं. मला राग आलाय, कारण त्याने मला फसवलं.

हो, फसवलं. मीनल, तू मान खाली घालू नकोस. ऐक. तुम्हीही ऐका.

फसवलं ते या रिमोटच्या गाड्यांत. ऑफिसच्या मंडळींना वाटेल, ही बाई कसल्या खेळण्यांचं घेऊन बसलीय. तुमच्यासाठी थोडक्यात सांगते. त्या टेबलावर फोटोशेजारी दोन गाड्या ठेवल्यात ना, निळी शिरीषची, लाल माझी. हातभर लांबीच्या. यांची चाकं रबराची नसतात, गुळगुळीत प्लॅस्टिकची असतात. मुद्दाम. गाडी घसरलीच पाहिजे. वळणावर ती आडवी घसरत न्यायची आणि गिरकी मात्र खाऊ द्यायची नाही, हा सगळा खेळ. गाडीची शेपूट ज्या बाजूला पळते, पुढची चाकं त्याच बाजूला वळवायची, आणि ती शेपूट पळायच्या आत कळायला हवी. हे एक तर तुमच्या बोटांनी करायचं, नाहीतर गाडीत जायरो नावाची एक काडेपेटीहून लहान डबी असते, ती करते. डबीने किती मदत करायची, त्याला गेन म्हणतात. गेन वाढवला की डबी गाडी सांभाळते. गेन शून्यावर आणला की तुम्ही आणि गाडी, मधे कोणी नाही.

एवढं लक्षात ठेवा. बाकी काही कळलं नाही तरी चालेल.

आमचे हे गेले, आणि मी कोपरच्या घरात दार लावून बसले. भाजीला जायचे नाही, फोन उचलायचे नाही. शिरीष रोज यायचा, रोज मी त्याला चहा पाजून वाटेला लावायचे. एका रविवारी मात्र तो रिकाम्या हाताने आला नाही. ही लाल गाडी घेऊन आला. म्हणाला, "तायडे, तुझ्यासाठी. चल." मी म्हटलं, "अरे, माझं वय काय, हे काय?" तर म्हणाला, "वय गाडीला कळत नाही."

त्याचं सगळं काम स्वयंपाकघरात चालायचं, त्याच्या बायकोला, मीनलला, विचारा. गाडीचा सेटअप करायला एकदम सपाट जागा लागते, आणि घरात ओट्याइतकं सपाट काही नाही म्हणे. डाळ शिजतेय, शेजारी गाडी उलटी पडलीय. मीनलचा केकचा वजनकाटा घेऊन हा एकेका चाकावर किती भार येतो ते मोजायचा. पुढची चाकं किती तिरकी, बॅटरी किती मागे सरकवायची, स्प्रिंग किती मऊ. एक चिमूट इकडे, एक चिमूट तिकडे. मी समोर मटार सोलत बसायचे आणि म्हणायचे, "एवढं मन लावून कधी अभ्यास केला असतास, तर?"

पण हॉलमध्ये माझी गाडी नुसती गरगर फिरायची. मांजर शेपटीमागे फिरतं तशी. तुम्ही सगळे सांभाळून घ्यायचात, आणि मला ते सांभाळून घेणंच नको व्हायचं. एक दिवस मी रिमोट त्याच्या हातात दिला. म्हटलं, "शिऱ्या, मला नाही जमत. पुढच्या रविवारपासून मी यायची नाही." त्याने वाद घातला नाही. गाडी पिशवीत घातली. "सेटअपमध्ये गडबड आहे, तायडे. घरी नेऊन बघतो."

आणि पुढच्या रविवारी गाडी चालली. काय चालली म्हणून सांगू! त्या खांबाला वळसा घालून, आडवी, अलगद, लोण्यातून सुरी जावी तशी. मी ओरडले होते, आठवतं? वाटलं, आलं आपल्या हाताला.

मग तो म्हणायचा, "आता रिमोटवरून गेन जरा कमी कर." मी बटण थोडं मागे फिरवायचे. गाडी चालायची. "अजून थोडा." मी अजून थोडं. कितीतरी महिने गेले असे. आणि शेवटी मी ते बटण पार शून्यावर नेलं. गाडी तरीही चालली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी पेढे वाटले. शून्यावर गाडी चालवणारी सुनंदाताई! कल्याणहून कोणी नवीन आलं, तर तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायचात.

मग मला शिंगंच फुटली. काय काय बोलले मी तुम्हाला! "नंदू, त्या कुबड्या काढ." "डबीच्या जिवावर काय चालवता, बोटं कशाला दिलीत देवाने?" तुम्ही ऐकून घ्यायचात. हसायचात. मला वाटायचं, मोठी म्हणून मान देतात.

आता एक घरातलं सांगते, त्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही. लहानपणी आम्ही दोघं बाबांबरोबर कॅरम खेळायचो. बाबा मुद्दाम हरायचे. राणी अगदी भोकाच्या तोंडाशी, आणि यांचा नेम चुकायचा. आम्ही नाचायचो. मग एक दिवस काका आले, आणि बाबांनी त्यांच्यासमोर एका दमात सगळा बोर्ड साफ केला. आम्ही दोघं बघतच राहिलो. शिरीष गच्चीवर जाऊन रडला. मी त्याला शोधत गेले, तर म्हणाला, "म्हणजे आपण एकदाही जिंकलो नव्हतो, तायडे." तिथेच आम्ही ठरवलं. आपण दोघं एकमेकांशी असं कधी करायचं नाही. हरवायचं तर खरं हरवायचं. त्याने माझ्या गळ्याला हात लावून शपथ घेतली होती. आणि पाळली. पत्त्यांत, बॅडमिंटनमध्ये, भांडणात, कधी एक गुण सोडला नाही मला. म्हणून तर तो मला "छान" म्हणाला की ते छानच असायचं. जगात एकच माणूस होता, ज्याच्या शब्दाला मला ठोकून बघावं लागत नव्हतं.

परवा नंदूचा फोन आला. "ताई, सभेला दोन्ही गाड्या शेजारी ठेवू या." मी म्हटलं, थांब, पुसून आणते. आणि मी पहिल्यांदा या लाल गाडीची वरची बॉडी उघडली. पहिल्यांदा! तो कधी उघडू द्यायचा नाही. "आत धूळ जाते, ते माझ्यावर सोड." आयुष्यभर मुलांना शिकवलं, आधी वायर कुठून निघते आणि कुठे जाते ते बघा, मग बाकीचं बोला. सगळ्या जगाच्या वायरी तपासल्या मी. सख्ख्या भावाची नाही तपासली. का तपासावी?

जायरोच्या डबीतून एक पिवळी वायर निघते. ती रिमोटचं ऐकणाऱ्या भागाला जोडायची असते, तेव्हा कुठे आपल्या हातातल्या बटणाने गेन कमी-जास्त होतो. ती वायर जोडलेलीच नव्हती.

निसटली नव्हती हं. निसटली असती तर काही म्हटलं नसतं. ती घडी घालून, टोकाला काळी नळी चढवून, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने डबीच्या मागे चिकटवलेली होती. इतकं सुबक काम, की बघताक्षणी त्याचा हात ओळखला. आणि डबीवरच एक बारीक स्क्रू असतो, तो त्याने भरपूर गेनवर फिरवून ठेवला होता. म्हणजे इतकी वर्षं मी जे बटण फिरवत होते, ते कशालाच जोडलेलं नव्हतं. मी शून्यावर कधी नव्हतेच. पेढे वाटले मी त्याचे.

मी नंदूला फोन केला. तो कळव्याहून तसाच निघून आला. दारातच उभा राहिला. मी फक्त गाडी पुढे केली. म्हणाला, "ताई, शपथ घातलेली त्याने."

"कोणाला?"

"सगळ्यांना."

सगळ्यांना! म्हणजे या हॉलमध्ये टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. बघा, आता कोणी माझ्याकडे बघत नाही. नंदू माझी समजूत घालत होता. "ताई, जायरो फक्त शेपूट धरतो. कुठे वळायचं, कधी दाबायचं, ते तुमचंच होतं ना?" नंदू, तू भला माणूस आहेस. पण मला समजूत नको होती. मला खरं हवं होतं, आणि ते तुझ्याकडे रविवारच्या रविवार होतं.

मग मीनल. मीनल म्हणाली, "ताई, मी किती वेळा म्हटलं, सांगून टाका. ते म्हणायचे, पुढच्या रविवारी सांगतो. आत्ता कुठे ती हसायला लागलीय." प्रत्येक वेळी पुढच्या रविवारी. आणि मग ऑफिसातून घरी येताना त्याच्या छातीत कळ आली, आणि पुढचा रविवार आलाच नाही.

का केलंस, ते मला कळतं रे. मी काही दगड नाही. तू तसं केलं नसतंस तर मी परत दार लावून बसले असते, हेही कळतं. सगळे मला हेच सांगतायत, ताई, प्रेमापोटी केलं. अरे, बाबाही प्रेमापोटीच हरायचे! गच्चीवर कोण रडलं होतं?

आणि माझं दुःख त्या वायरीचं नाहीच. दुःख असं, की आता मी एकेक आठवण घेऊन बसते आणि मला कळत नाही, कुठली जोडलेली होती आणि कुठली नव्हती. माझी गाडी पुढे, तुझी मागे, जवळजवळ एकमेकींना खेटून आपण वळण घ्यायचो, आणि तू म्हणायचास, "तायडे, तुझ्या मागे राहताना घाम फुटतो मला." फुटायचा का? की तू हळू चालवायचास? कोणाला विचारू मी? उत्तर देणारा एकच होता आणि तो तिथे हार घालून हसतोय.

माफ केलं, असं मी आज म्हणणार नाही. शोकसभेत तसं म्हणायची रीत असेल. माझ्याच्याने होत नाही. तू असतास तर मी महिनाभर तुझ्याशी बोलले नसते, आणि मग बोलले असते. तेवढीही सोय तू ठेवली नाहीस.

आता माझं शेवटचं. काल मी ही गाडी माझ्या ओट्यावर ठेवली, टेप सोलली, आणि ती पिवळी वायर जिथे जायला हवी तिथे माझ्या हाताने जोडली. बटण शून्यावर ठेवलं. आज ते खरोखर शून्य आहे. अजून मी गाडी चालवून बघितलेली नाही. घरी बघितलं असतं तर ते एकटीचं झालं असतं. पहिली फेरी त्याच्यासमोरच व्हायला हवी.

म्हणून आपण आता शांत राहू या, पण डोळे मिटून नाही. डोळे उघडे ठेवून. मधल्या खुर्च्या बाजूला घ्या. आपल्या हॉलचा नियम आहे, गाडीने गिरकी खाल्ली की जो जवळ असेल त्याने ती सरळ करून द्यायची. आज तो नियम नाही. गाडी गिरकी खाईल, खाऊ दे. भिंतीवर आपटेल, आपटू दे. कोणी उठायचं नाही. नंदू, तू तर नाहीच. मी चालत जाईन आणि माझी मी उचलीन. आणि जर ती त्या खांबाला वळसा घालून आलीच, तरी टाळी वाजवायची नाही. तुमच्या टाळ्या मला आता ओळखता येत नाहीत.

मीनल, ती लाल गाडी खाली ठेव. हां, तिथेच.

शिऱ्या, मागून धरलेलं सोड आता. मी निघाले.