कड्याखालचा अबोला

मंडळी, आख्यान नंतर. आधी एक सांगा. माणूस जास्त भितो कशाला? पायाखालच्या दरीला, की वर दोर धरून बसलेल्या माणसाला? लगेच माना हलवू नका. नीट ऐका, मग हलवा.

भोरकडा नावाचा एक कडा आणि त्याच्या पायथ्याला एक वाडी. वाडीची रीत अशी, की भैरोबाच्या अभिषेकाला बाटलीतला मध चालत नाही. कड्यावरच्या आग्या मोहोळाचाच लागतो. आग्या माशी ठाऊक आहे ना? उठली की बैल आडवा पाडते. मध काढणारा कमरेला दोर बांधून कड्याखाली उतरतो. वर दोर धरतो कोण? सख्खा भाऊ नाही. भावाचं नाव सातबाऱ्यावर असतं! हसताय? हसा, घरोघरी तेच आहे. दोर धरतो बायकोचा भाऊ. तो सोडणार नाही, कारण बहिणीचं कुंकू त्याच्या मुठीत असतं.

आणि ही विद्या वाडीतली पोरं शिकतात कशी? पहिलं वर्षभर दोराला हात लावू देत नाहीत. आधी हाक शिकायची. कडा पुढं झुकलेला, खालच्याला वरचा दिसत नाही. म्हणून खालच्यानं विचारायचं, "हाईस का?" वरच्यानं म्हणायचं, "हाय." घडीघडीला हेच. हा त्यांचा पहिला धडा.

तर उतरणारा होता नवसू, आणि दोर धरणारा त्याचा मेहुणा धावजी. पण मंडळी, दोघांचं वर्षभर बोलणं बंद! का? नवसूच्या लेकीचं लग्न होतं. नवरीला मांडवात आणतो कोण? मामा. आणि मामाची एसटी घाटात बंद पडली. मुहूर्त टळेल म्हणून नवसूनं शेजाऱ्यालाच मामा म्हणून उभं केलं. धावजी पोचला तेव्हा अक्षता पडून गेलेल्या. भाचीची साडी बहिणीच्या हातात ठेवली आणि न जेवता तो माघारी फिरला.

अभिषेकाच्या आदल्या दिवशी नवसूची बायको, म्हणजे धावजीची बहीण चांगुणा दोघांच्या मध्ये उभी राहिली. "एक शब्द बोला रं, मग जावा कड्यावर."

नवसू म्हणाला, "दोर धरायचाय त्यानं. गप्पा कशाला लागतात?"

धावजीनं दोर खांद्यावर टाकला.

दुपार कलली होती. धावजीनं दोराला झाडाच्या बुंध्याचा वेढा दिला, टोक मुठीत घेतलं. नवसू धुरासाठी पेटवलेली गवताची चूड घेऊन उतरला. खाली नजर गेली तर झाडं गवतासारखी दिसत होती. विचारायची वेळ झाली. विचारलं का? नाही. मी का आधी बोलू?

धूर पोळ्याला लागला आणि वारा फिरला. काळा ढग उठावा तशा माशा उठल्या, आणि धुराच्या मागं वर गेल्या. दोर थरथरायला लागला. एक हिसका. वीतभर ढिला. पुन्हा हिसका.

मंडळी, आता नवसूच्या छातीत बघा काय चाललंय. सोडतोय हा. लग्नातलं उट्टं काढतोय. एक शब्द विचारला असता तर उत्तर मिळालं असतं. त्यानं तो विचारला नाही. शेजारी एक कपार होती. तिच्यात पाय रोवला, कमरेची गाठ सोडली, आणि ज्या दोरावर जीव होता तोच दोर हातानं सोडून दिला.

वर धावजीच्या हाताला दोर हलका लागला. त्यानं ओढला. वजन नाही. भराभरा ओढला. रिकामी गाठ हाताला लागली.

"दाजी! दाजी!"

वर्षभरातला पहिला शब्द. सगळा कडा त्यानं भरला.

खालून बारीक आवाज आला, "हाय. कपारीत हाय."

"दोर का सोडला?"

"तू सोडतोस असं वाटलं."

धावजी म्हणाला, "दोर टाकतो. पण दाजी, मला दिसत न्हाय. डोळे सुजून मिटलेत. कुठं टाकू ते तूच बोल."

माशांनी त्याचं तोंड फोडलं होतं हो! म्हणून दोर थरथरत होता. हात मात्र सुटला नव्हता.

नवसू बोलायला लागला. "उजवीकडं. अजून. थोडा खाली सोड." दोर समोर आला, पण हातभर लांब. कपार सोडून पुढं झेपावावं लागणार. वर एक आंधळा झालेला माणूस, ज्याचा मान आपण भर मांडवात दुसऱ्याला दिला.

"धावजी, धरलंयस ना?"

"धरलंय," वरून आवाज आला. "मघाशीपण धरलंच होतं."

नवसूनं झेप घेतली. दोर ताठ झाला.

मृदंगबुवा, जरा थांबा. टाळकरी, तुम्हीही. ही शांतता ऐका. नवसूनं कड्याखाली ऐकली ती हीच, आणि तिला भिऊनच त्यानं दोर सोडला. या मंडपात कितीतरी जण असे आहेत, की ज्यांच्याशी अबोला आहे ते पलीकडच्याच रांगेत बसलेत. खांबाकडं बघू नका, मला इथून सगळं दिसतं. तो तिकडं दोर धरून बसलाय, आणि तुम्ही इकडं गाठ सोडताय.

आता गजर मी धरणार नाही. आधी तुमच्यातला एक जण कुणाला तरी हाक मारेल. मी थांबतो.