बुलेट आणि पिठलं-भात

अहो, पिठलं-भात म्हटलं की मला डब्लिनची आमची शेजारीण आठवते. केइको, जपानी.

ब्याऐंशी साल असेल. मी सहज खिडकीतून बघत होते, माझं ‘सहज’ तुम्हाला माहीतच आहे! तर केइको पायरीवर बसून ढसाढसा रडतेय. मी धावले. म्हटलं, “व्हॉट हॅपन्ड?”

“बुलेट... माय मदर्स टाउन... टुडे!”

तिची आजारी आई तिकडे गावी एकटी असायची. झाडली वाटतं कुणी गोळी! दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा, एवढं मला ठाऊक. पातेलं घेऊन गेले, तिच्या पाठीवरून हात फिरवला. “व्हेरी सॅड.”

“नो, नो! हॅपी!”

शेवटी तिच्या नवऱ्याने उलगडा केला. बुलेट ट्रेन त्यांच्या गावापर्यंत पोचली होती. टोकियोतली बहीण आता सकाळी निघून दुपारी आईपाशी! मी देवाला हात जोडले. तिघांनी मिळून पातेलं संपवलं. आणलं कशासाठी ते काही मी बोलले नाही. तिला वाटलं, आनंदाच्या दिवशी आपण हेच खातो.

पुढे माझ्या लेकीच्या, मंजूच्या लग्नाच्या सकाळी बेल वाजली. दारात केइको, अंगात किमोनो, हातात पातेलं. “पिथला-भात! आय मेड!”

पुण्याहून आलेल्या नणंदबाई किंचाळल्याच, “अगोबाई, लग्नघरी पिठलं-भात?”

परक्या देशात इतकं आपलं कोण करतं हो? माझे डोळे भरून आले.

म्हटलं, “वन्सं, आमच्या गल्लीत ह्यालाच गोडधोड म्हणतात,” आणि पहिला घास मीच घेतला.